गर्भवती आणि हर्पीस : सांगण्याजोगी गोष्ट

गर्भवतीच्या रक्ततपासण्यांत कधी कधी 'टॉर्च' नावाची एक चाचणी असते. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस अशा काही संसर्गांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. त्यातील हर्पीसपुढे 'पॉझिटिव्ह' असे छापलेले दिसले, की घरात एकदम शांतता पसरते. पती मोबाइलवर शोध घेऊ लागतो, थोरली माणसे विषय बदलतात, आणि त्या स्त्रीला बाळाच्या आधी स्वतःच्या चारित्र्याची चिंता वाहावी लागते. वस्तुतः बहुतेक वेळा त्या शब्दाचा अर्थ इतकाच असतो, की या विषाणूशी तिच्या शरीराची केव्हातरी, कदाचित बालपणीच, गाठ पडलेली आहे. लक्षणे नसलेल्या गर्भवतीची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करावी, अशी शिफारस अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्थाही करीत नाही.

हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला सामान्यतः तापानंतर ओठांच्या कडेला फोड आणणारा. तो लहानपणी घरातल्याच कोणाच्या तरी लाळेतून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या अंदाजानुसार 50 वर्षांखालील जगातील सुमारे 67 टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. 15 ते 49 या वयोगटातील सुमारे 13 टक्के लोकांना त्याची बाधा आहे. मात्र पहिला प्रकारही मुखसंबंधातून जननेंद्रियांपर्यंत पोहोचू शकतो. आपल्याकडे 'नागीण' म्हणतात तो विकार मात्र निराळा. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो, आणि या दोहोंची गल्लत फार होते.

एकदा शरीरात शिरला, की हा विषाणू कायमचा राहतो. मज्जातंतूंच्या गाठींत तो सुप्त पडून असतो; थकवा, ताप, मासिक पाळी अशा निमित्तांनी कधी जागा होतो, कधी आयुष्यभर होतही नाही. अनेकांना त्याचा पत्ताच नसतो, आणि त्वचेवर काहीही दिसत नसतानाही तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणूनच गरोदरपणात पहिल्यांदा फोड उठले, याचा अर्थ संसर्ग आताच झाला असा होत नाही. तो पतीकडून आला असेल वा पत्नीकडून, कित्येक वर्षांपूर्वीचाही असेल. या एका अज्ञानापायी संसारात संशय शिरावा, ही आजाराहून मोठी हानी होय.

बाळाला धोका किती, हे संसर्ग केव्हा झाला यावर अवलंबून असते. संसर्ग जुना असेल, तर आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि त्याचे बरेच रक्षण करतात. अशा मातांच्या बाळांना बाधा क्वचितच होते. परंतु गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हा संसर्ग आयुष्यात प्रथमच झाला, तर आईच्या शरीराला प्रतिपिंडे तयार करण्यास अवधी मिळत नाही. त्यानंतर लवकरच नैसर्गिक प्रसूती झाल्यास बाळाला बाधा होण्याचा संभव 30 ते 50 टक्के असतो. त्यामुळे पतीला हर्पीस असेल आणि पत्नीला तो झालेला नसेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत शरीरसंबंध टाळावा. निरोधाने धोका घटतो, पण पूर्ण संपत नाही. पतीच्या ओठांवर फोड असताना मुखसंबंधही वर्ज्य समजावा.

येथे आपल्या चालीरीतीतील एक बारीक अडचण लक्षात घ्यावी. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. तेथील डॉक्टर नवे, तपासणीला सोबत आई किंवा वहिनी, आणि मग जुन्या फोडांची गोष्ट सांगायची राहून जाते. एरवी किरकोळ वाटणारी ही माहिती प्रसूतीच्या वेळी निर्णायक ठरते. ती फाइलमध्ये लिहून घ्यावी, किंवा डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटीने बोलण्याची विनंती करावी. कोणतीही समंजस आई त्यासाठी बाहेर थांबेल.

माहिती असली, की उपाय साधे आहेत. फोड ताजे असताना त्यातील द्राव तपासून निदान पक्के करता येते. वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रीला डॉक्टर 36 व्या आठवड्यापासून असायक्लोव्हिर रोज देतात, म्हणजे प्रसूतीच्या सुमारास फोड येण्याची शक्यता कमी होते. गरोदरपणात हे औषध दीर्घकाळ वापरले गेले आहे. ते ज्यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून पुढे आले, त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कळा सुरू होताना जननेंद्रियांवर फोड असतील, किंवा त्यापूर्वीची जळजळ व मुंग्या जाणवत असतील, तर शस्त्रक्रियेने प्रसूती केली जाते. काहीच नसेल, तर केवळ हर्पीसच्या इतिहासापोटी शस्त्रक्रियेची गरज नसते. स्तनावर फोड नसतील, तर बाळाला अंगावर पाजण्यासही हरकत नाही.

नवजात अर्भकातील हर्पीस दुर्मीळ असला, तरी गंभीर असतो. तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. पहिल्या सहा आठवड्यांत बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, ताप आला किंवा अंग गार लागले, झटके आले, अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. फोड नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. काही बाळांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही. उपचार शिरेतून, 14 ते 21 दिवस चालतो, आणि जितका लवकर सुरू होईल तितका गुणकारी.

शिवाय बाळाला ही बाधा दर वेळी आईकडूनच होते असे नाही. बाराव्या दिवशी बारसे, घर पाहुण्यांनी भरलेले, आणि पाळण्यातल्या बाळाचा पापा घ्यायला प्रत्येकजण वाकलेला. त्यांपैकी एखाद्या आत्याच्या वा काकांच्या ओठावर ताजा फोड असेल, तर त्यांना नमस्कारापुरतेच पाळण्याशी थांबवावे, आणि बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवायला सांगावे. हे सांगण्याचे काम बाळंतिणीवर न टाकता घरातील वडीलधाऱ्यांनीच करावे.