कोणती वायर देऊ, सर?

अँजिओग्राफीला आलेल्या पेशंटबरोबरची माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. "हातातून करणार का पायातून?" आणि "स्टेंट कुठला घालणार?" वायर कोणती वापरणार, असं मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही. फार तर बिल हातात पडल्यावर तिच्याकडे लक्ष जातं. एका पोरानं बिलात 'बीएमडब्ल्यू' वाचलं आणि काउंटरवर आवाज चढवला, आम्ही काय गाडी घेतली का म्हणून. ते एका वायरचं नाव आहे, हे पटवता पटवता अकाउंटंटची पुरेवाट झाली.

मी मिरजेत एका कॅथ लॅबमध्ये सिस्टर आहे. टेबलाशेजारी ट्रॉली लावून उभं राहायचं, सर मागतील ते हातात द्यायचं आणि जमलं तर मागायच्या आधीच काढून ठेवायचं, हे माझं काम. जत, कवठे महांकाळ, अथणी, चिकोडी अशा भागांतून पेशंट येतात; निम्मं बोलणं कानडीत होतं. स्टेंटचं नाव पेपरात येतं. पण अँजिओ झाल्यावर पेशंट दुपारी त्याच हातानं चहाचा कप उचलणार की सुजलेला हात उशीवर घेऊन बसणार, हे बऱ्याच वेळा वायरवर ठरतं.

मुळात वायर लागते कशाला? १९५३ साली स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर या तरुण रेडिओलॉजिस्टनं एक युक्ती छापली. तोवर धमनीत नळी घालायची तर जाडजूड सुई टोचायची किंवा धमनी कापून उघडायची. सेल्डिंगरनं बारीक सुई टोचली, तिच्यातून वायर आत सरकवली, सुई काढून घेतली आणि नळी वायरवरून आत ढकलली. आजही आम्ही हेच करतो. कॅथेटर, बलून, स्टेंट, जे काही आत जातं ते वायरच्या अंगावरून जातं. वायर जिथे गेली नाही तिथे दुसरं काही जात नाही, आणि ती चुकीच्या ठिकाणी शिरली तर मागून येणारं सगळं तिथेच शिरतं.

अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर नावाचे डॉक्टर होते. पायाची अरुंद झालेली धमनी आतून रुंद करण्याचा उपचार त्यांनी १९६४ मध्ये पहिल्यांदा केला. अशा कामाच्या वायर तेव्हा दुकानात मिळत नसत. डॉटर गिटारच्या तारा आणि फोक्सवॅगन गाडीच्या स्पीडोमीटरची केबल घेऊन स्वतःच जुळवाजुळव करत. हे वाचलं तेव्हा मी मिरजेची असल्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही. इथल्या सतारमेकरांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तारांचंच काम चालतं. मूळचे हत्यारं घडवणारे शिकलगार सतारी-तंबोऱ्यांकडे वळले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या गल्लीतले एक चाचा आमच्याकडे अँजिओला आले होते. जाताना म्हणाले, "बाई, आत घातली ती तार दाखवा की जरा." पाकीट फाटल्यामुळे वापरायला बाद झालेली एक वायर होती, ती दिली. त्यांनी चिमटीत धरून ती सावकाश ओढली आणि म्हणाले, "ही गुंडाळलेली आहे. आत दुसरी आहे."

अगदी बरोबर. साधी वायर म्हणजे बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेचं वेटोळं, आत गाभ्याची तार, वरून टेफ्लॉनचा थर. गाभा टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून मागचा भाग ताठ आणि टोक लवचीक. चाचांच्या सतारीची बाजाची तार साधारण ०.३० मिलिमीटरची असते. हृदयाच्या धमनीत जाणारी वायर ०.३६ मिलिमीटरची, म्हणजे तिच्याहून थोडीच जाड. पण मनगटापासून हृदयापर्यंतचा प्रवास करते ती वेगळी, ती ०.०३५ इंच, म्हणजे सुमारे ०.८९ मिलिमीटर.

हातातून अँजिओ करायची पद्धत फार जुनी नाही. माँट्रियलच्या लुसियाँ काँपो यांनी मनगटातून केलेल्या शंभर अँजिओग्राफींचा अहवाल १९८९ मध्ये दिला. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फर्डिनंड कीमेनाय यांनी त्याच वाटेनं अँजिओप्लास्टी केली. मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे सगळं जांघेतूनच व्हायचं. पेशंटनं नंतर तासन्‌तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, आणि आम्ही मांडीत रक्त साचतंय का ते बघत राहायचं. २०११ च्या 'रायव्हल' चाचणीत ७,०२१ पेशंट होते. सुई टोचल्या जागेच्या धमनीच्या मोठ्या तक्रारी जांघेतून केलेल्यांत ३.७ टक्के, तर मनगटातून केलेल्यांत १.४ टक्के निघाल्या. त्यानंतर वाद हळूहळू मिटला.

पण मनगटाची वाट अरुंद. वैद्य नाडी बघतात तीच ही धमनी, आतून दोन-अडीच मिलिमीटर, ठेंगण्या बायकांत त्याहूनही लहान. आम्ही बसवतो ती सहा फ्रेंच मापाची शीथ, म्हणजे धमनीत बसवायची आखूड नळी, बाहेरून अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे गाडी आणि बोळ एका मापाचे. शिवाय या धमनीच्या भिंतीत स्नायू भरपूर. पेशंट घाबरला, थंडीनं कुडकुडला किंवा आत खरवडल्यासारखं झालं की ती आवळून बसते. त्याला आम्ही स्पाझम म्हणतो. शीथमधून नायट्रोग्लिसरीन, डिल्टियाझेम देतात ते त्यासाठीच. औषधाइतकाच उपयोग बोलण्याचा होतो, असं माझं मत आहे. द्राक्षाला यंदा दर काय मिळाला, एवढं विचारलं तरी जतकडच्या माणसाचा हात सैल पडतो. दर पडलेला असेल तर मात्र विचारू नये.

आता निवडीकडे येते. लॅबमधली पहिली वायर ठरलेली असते, टोकाला इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली. टोक वळलेलं असलं की ते बारीक फांद्यांत शिरत नाही, भिंतीला टोचत नाही, मोठ्या धमनीतूनच पुढे सरकतं. मात्र नेहमीच्या जे-टिपच्या वळणाची त्रिज्या तीन मिलिमीटर, म्हणजे वळण पुरतं उघडायला सहा मिलिमीटर जागा हवी. ती जांघेत आहे, मनगटात नाही. हाताच्या धमनीत ते टोक दाबून सरळ होतं आणि सरळ झालेलं टोक कुठेही अडकू शकतं. म्हणून दीड मिलिमीटर त्रिज्येच्या छोट्या वळणाच्या वायर निघाल्या. आमच्याकडे त्यांना 'बेबी जे' म्हणतात. ठेंगणी, वयस्क बाई टेबलावर आली की मी ती आधीच हाताशी ठेवते.

बहुतेकांचं काम एवढ्यावर होतं. अडतं ते कोपराजवळ. तिथे मनगटाच्या धमनीची एक बारीक फांदी उलटी वर जाते आणि खालून येणाऱ्या वायरला तीच सरळ रस्ता वाटते. काहींच्या धमनीत तिथे पूर्ण वेढा असतो, काहींची धमनी दंडातच वेगळी झालेली असते आणि शेवटपर्यंत दोऱ्यासारखी बारीक राहते. वायर थांबली की सर म्हणतात, "निसरडी दे."

निसरडी म्हणजे हायड्रोफिलिक वायर. हिला वेटोळं नाही. गाभा निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, नितिनॉलचा, जो अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. वाकवला तरी मोडून राहत नाही. वर पॉलिमरचं आवरण आणि पाणी शोषणारा लेप. सलाईननं ओली केली की बोटांतून सुळ्‌कन निसटते. कोरडी ठेवली तर चिकटते, म्हणून ओल्या गॉजनं पुसत राहावं लागतं. नवीन डॉक्टरांना ही वायर फार आवडते. वळणावळणांतून ती लीलया जाते, आणि मला तिची भीती वाटते ती याचसाठी. साधी वायर अडली की बोटांना कळतं. ही बारीक फांदीत शिरते, पार शेवटाला जाते, भिंतीतून बाहेरही पडते, आणि बोटांना काहीच जाणवत नाही. तिच्या पुढच्या टोकावरून नजर हटवायची नाही, फ्लोरोच्या, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर ती सरकताना दिसलीच पाहिजे. पडद्याकडे न बघता निसरडी वायर ढकलणारा डॉक्टर कितीही मोठा असो, मी तोंडानं म्हणते, "सर, स्क्रीन."

एकदा आमच्या टेबलावर हेच घडलं. वायर कुठेही न अडता गेली, कॅथेटरही गेला, अँजिओ छान झाली. वॉर्डात जाता जाता आजोबा म्हणाले, "हात जड लागायलाय." कोपराखालचा भाग टणक होत चालला होता. फांदीला भोक पडून आत रक्त साचत होतं. सरांनी तिथेच बीपीचा पट्टा बांधून फुगवला, अधूनमधून हवा सोडत राहिले, मी बोटाला ऑक्सिमीटर लावून बसले. वेळेत कळलं म्हणून निभावलं. उशीर झाला असता तर दाबामुळे स्नायूंचं रक्तच तुटलं असतं आणि सर्जनला हात उघडावा लागला असता. कधीकधी टेबलावरच लक्षात येतं. तेव्हा त्या भोकावरून कॅथेटर पुढे नेला की तोच आतून बूच मारतो आणि काम संपेपर्यंत भोक बऱ्याचदा मिटलेलं असतं.

वेढा असलेल्या हातात वायर जाड नव्हे, बारीक घ्यायची. इथे हृदयाच्या कामाची ०.०१४ इंची वायर कामी येते. तिचं मऊ टोक वेढ्यातून वाट काढतं. पण मग कॅथेटर अडतो, कारण बारीक वायर आणि कॅथेटरचं तोंड यांच्यामध्ये पोकळी राहते आणि तोंडाची कड धमनीला खरवडते. यावरचा तोडगा अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल आणि सहकाऱ्यांनी रूढ केला. कॅथेटरच्या तोंडातून छोटा बलून अर्धा बाहेर ठेवायचा आणि थोडासाच फुगवायचा. कड झाकली जाते, पुढे गोल मऊ नाक तयार होतं आणि कॅथेटर सरकतो. हे पहिल्यांदा बघताना मला हसूच आलं, बलून धमनी फुगवायला असतो, इथे तो नुसता पुढे बसून वाट दाखवत होता.

खांद्याशी आणखी एक वळण. म्हाताऱ्या, बीपीच्या, बुटक्या माणसांत तिथल्या धमन्या नागमोडी झालेल्या असतात आणि वायर हृदयाकडे यायचं सोडून पोटाकडच्या महाधमनीत उतरते. तेव्हा टेबलाजवळून आम्ही ओरडतो, "आजी, मोठ्ठा श्वास घ्या! उसरु तगोळ्री!" छाती फुगली की वळण थोडं सरळ होतं आणि वायर हृदयाकडे वळते. इतक्या कष्टानं मिळालेली जागा कॅथेटर बदलताना गमवायची नाही, म्हणून अशा वेळी १५० नव्हे तर २६० सेंटिमीटरची लांब वायर घेतात. ती टेबलावरून लोंबून जमिनीला टेकणार नाही हे बघणं माझ्याकडे.

हृदयाच्या धमनीतल्या वायरींचं जग वेगळंच आहे. तिथे टोकाचा कडकपणा ग्रॅममध्ये मोजतात: टोक वाकायला किती भार लागतो तो. रोजच्या कामाच्या वायर एक ग्रॅमच्या आतबाहेर, पूर्ण बंद पडलेली धमनी फोडायच्या वायर नऊ-बारा ग्रॅमपर्यंत. ऐकायला किरकोळ, पण तो भार केसाएवढ्या टोकावर येतो. आणि ताठ वायरची एक गंमत आहे: वाकडी धमनी ती ताणून सरळ करते, भिंतीला घड्या पडतात आणि पडद्यावर नवे ब्लॉक दिसतात, जे नसतातच. अनुभवी डॉक्टर अशा वेळी स्टेंट मागत नाहीत. वायर थोडी मागे घेतात. टोकाचा मऊ भाग तिथे आला की ब्लॉक नाहीसे होतात.

पेशंटला यातलं काही माहीत असायची गरज नाही. त्यानं दोन गोष्टी मात्र कराव्यात. आधी याच हातातून अँजिओ झाली असेल, डायलिसिससाठी हातात फिस्टुला केला असेल किंवा बायपासच्या वेळी हाताची धमनी काढली असेल तर ते आधी सांगावं. आणि काम चालू असताना कोपरात किंवा दंडात दुखलं तर गप्प सोसू नये. भूल फक्त मनगटाशी टोचलेली असते, पुढची धमनी सगळं सांगते. निसरड्या वायरनं डॉक्टरच्या बोटांना काही कळवलं नाही तरी तुमच्या तोंडून कळतं. आमच्याकडची बापई मंडळी दात आवळून "काय नाही, चालू द्या" म्हणतात. बायका लवकर सांगतात, बरं करतात.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, जो घरी जाताना बरेच जण दबक्या आवाजात विचारतात: वायर आत राहते का? नाही. स्टेंट राहतो, वायर बाहेर येते. ती आली की मी टोक पूर्ण आहे का ते बघते, कारण क्वचित टोक तुटून आत राहू शकतं. मग कात्रीनं तिचे तुकडे करून टाकते. धुऊन पुन्हा वापरली तर लेप निघालेला असतो आणि टोकाचं वळणही पहिलं राहत नाही.