नाटकाआधी राजवाड्याचा शिक्का

ब्रिटनमध्ये 1737 ते 1968 या काळात नवं नाटक रंगमंचावर आणायचं, तर संहिता आधी लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत धाडावी लागे. हा राजघराण्याच्या कारभाराचा प्रमुख! ही सक्ती करणाऱ्या कायद्याचं मूळ पंतप्रधान वॉलपोल यांच्या चिडण्यात होतं. हेन्री फील्डिंगची प्रहसनं त्यांना झोंबत होती. कायदा आला, फील्डिंग कादंबरीकडे वळले. इंग्रजी कादंबरीचं त्यात भलंच झालं म्हणायचं.

बर्नार्ड शॉ यांनी 1893 मध्ये लिहिलेल्या ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’चा ब्रिटनमधला पहिला जाहीर प्रयोग या सेन्सॉरमुळे थेट 1925 मध्ये झाला. वेश्याव्यवसायाचं मूळ त्यांनी बाईच्या चारित्र्यात नव्हे, तिच्या तुटपुंज्या मजुरीत दाखवलं होतं.

शेवटची मोठी ठिणगी पडली 1965 मध्ये, लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये. एडवर्ड बॉन्ड यांच्या ‘सेव्ह्ड’मध्ये कामगार वस्तीतली पोरं बागेत बाबागाडीतल्या तान्ह्या बाळाला दगडांनी ठेचून मारतात. कात्री लावायला बॉन्ड तयार नव्हते. मग ‘फक्त सभासदांसाठी’ ही जुनी पळवाट काढून प्रयोग झाले, खटला भरला गेला आणि नाट्यसंस्था दोषी ठरली.

पण 1968 मध्ये कायदाच गेला. 26 सप्टेंबरला सेन्सॉरशिप संपली. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ‘हेअर’ या संगीत नाटकाचा पडदा उघडला, नग्न दृश्यासकट.

नाकारलेल्या, कापलेल्या संहिता मात्र सेन्सॉरनेच जपून ठेवल्या. आज त्यातल्या बऱ्याचशा ब्रिटिश लायब्ररीत आहेत. असा शिक्का आपल्याकडेही लागे: महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर संहितेचं पूर्वपरीक्षण करणारं मंडळ होतं. ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाला त्याचा चांगलाच हिसका बसला.