तहकुबीची वर्षे

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून सहा महिने, आणि मुदतवाढीचे पुढचे पाच, दरमहा दहा हजारांच्या विद्यावेतनावर शासकीय कचेऱ्यांचे दप्तर सांभाळणारी काटोलातील पदवीधर मुले मुदत सरताच घरी बसली, तेव्हा करोनाकाळाच्या तहकुब्यांचा सारा हिशेब मनात पुन्हा उघडला. त्यापूर्वीची वर्षे सांगण्याजोगी नाहीत. संत्र्याचे भाव चढले-उतरले आणि नोकरीसाठी नागपूर किंवा पुणे गाठावे हा रिवाज कायम राहिला.

२०२० च्या मार्चअखेरीस मृगबहराचा माल बागांतून निघत असतानाच टाळेबंदी लागली. आमच्या गल्लीतील एका अभियांत्रिकी पदवीधरास पुण्याच्या एका कारखान्याचे नेमणूकपत्र आले होते, आणि ते त्याच्या मातोश्रींनी देवघरात ठेवले होते. परंतु रुजू होण्याची तारीख प्रथम जूनवर, मग दिवाळीवर गेली आणि पुढे तिकडून उत्तरच येईनासे झाले. आंबिया बहर आला तेव्हा हा गृहस्थ अडत्याच्या आवारात कानाला पेन्सिल खोचून संत्र्याची क्रेट मोजत होता.

सरकारी नोकरीची वाट धरणाऱ्यांची गत याहून बरी नव्हती. ४ मे २०२० च्या फर्मानाने आरोग्याची खाती वगळता नवी भरती थांबली. ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची राज्यसेवेची पूर्व परीक्षा वारंवार पुढे ढकलली जाऊन, पुण्यात मुले रस्त्यावर उतरल्यावर, २१ मार्च २०२१ ला एकदाची पार पडली. सारे काही तहकूब झाले, वय तेवढे झाले नाही. वयोमर्यादा उलटलेल्यांस २०२१ च्या डिसेंबरात एक वाढीव संधी देण्यात आली खरी. पण मधल्या काळात जाहिराती निघाल्याच किती, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

परीक्षेवाचून पदवी नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिल्यामुळे मुलांनी रेंज शोधीत गच्चीवर बसून परीक्षा दिल्या. तरी ‘करोना बॅच’ म्हणून त्यांची हेटाळणी व्हावयाची ती झालीच. आमच्याकडील सत्कारसमारंभांतून तर ‘हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत’ असे सांगणारे पाहुणे येत, आणि ते बहुधा निवृत्तिवेतनधारक असत!

मुलाखतीत त्या दोन वर्षांविषयी अजूनही विचारणा होते, आणि क्रेट मोजत होतो हे सांगावयास आमच्या गल्लीतला तो मुलगा लाजतो. मला राग येतो तो विचारणाऱ्यांचा.