ठराव एकमताचा, वाट साडेपंधरा वर्षांची

कायदे साध्या बहुमताने व्हावेत की व्यापक सहमतीने, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकात कोरडा वाटतो. छत्रपती संभाजीनगरात मात्र त्यासाठी माणसांनी किंमत मोजली आहे.

आधी नियम पाहू. राज्यघटनेच्या कलम १८९ नुसार विधिमंडळात उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने निर्णय होतो आणि गणसंख्या एक दशांश असते. विधानसभेत सदस्य २८८. म्हणजे २९ जण हजर असले, तर १५ मतांनीही तिथे विधेयक संमत होऊ शकते. घटनादुरुस्तीचे तसे नाही. कलम ३६८ प्रमाणे संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत लागते, शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. गंमत अशी, की नवे राज्य निर्माण करायला साधे बहुमत पुरते. १ मे १९६० चा महाराष्ट्र तसाच जन्मला.

१५ मतांचा हिशेब ऐकला, की सहमतीची अट वाढवावी असे कुणालाही वाटेल. मला त्याविषयी शंका आहे, आणि तिचे कारण नामांतराचा इतिहास.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने संमत केला. यापेक्षा मोठी सहमती सभागृहात शक्यच नसते. तरीही मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. विद्यापीठाचे नाव कायद्यात होते. ते बदलायचे तर कायद्यातच दुरुस्ती हवी होती. ठरावाने इच्छा कळली, अंमल झाला नाही. लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव आले. जुने ‘मराठवाडा’ राहिले, म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले.

यावर दोन तऱ्हांनी बोलता येते. पहिला पक्ष म्हणतो, सभागृहातले एकमत गावागावांत पोहोचलेच नव्हते. ते पोहोचवायला वेळ लागला आणि तडजोडीनेच प्रश्न मिटला. यात तथ्य आहे. हात वर करणे म्हणजे मने वळवणे नव्हे. मात्र दुसरा प्रश्न मला अधिक बोचतो. थांबण्याची किंमत कुणी दिली? विरोध करणाऱ्यांनी नाही. ज्यांची घरे जळली, त्यांनीच आणखी साडेपंधरा वर्षे वाट पाहिली.

सहमतीची अट जितकी कडक, तितके ‘आहे ते तसेच राहू द्या’ म्हणणाऱ्याचे बळ वाढते. घटनेच्या पायाबाबत ते योग्यच आहे. हक्क सहजी काढून घेता येऊ नयेत. पण ज्यांना अजून हक्काचे मिळालेलेच नाही, त्यांच्यासाठी तीच अट बंद दार ठरते.

म्हणून माझ्या मते अट मतांच्या आकड्याची नको, प्रक्रियेची हवी. विधेयक समितीकडे जावे, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे ऐकावे, भरल्या सभागृहात चर्चा व्हावी. त्यानंतर साध्या बहुमताने निर्णय घ्यावा आणि तो अमलात आणण्याची हिंमत सरकारने दाखवावी. १९७८ साली मते कमी पडली नव्हती. कमी पडली ती ही हिंमत.