नापाकिअक: माणसं तेवढीच, जमीन कमी

2000 साली 353, 2010 साली 354, 2020 साली 358. अमेरिकेच्या लागोपाठ तीन जनगणनांत अलास्कातल्या नापाकिअकची लोकसंख्या एवढीच हलली. पुण्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी सोसायटीत अख्खं गाव मावेल. वस्ती बहुतेक सगळी युपिक आदिवासींची आणि घराघरांत मुलं भरपूर. हलते आहे ती त्यांच्या पायाखालची जमीन.

कुस्कोक्विम नदी हजाराहून अधिक किलोमीटर वाहत बेरिंग समुद्राला मिळते. मुखाजवळच्या सपाट, दलदलीच्या, असंख्य तळ्यांच्या प्रदेशात हे गाव आहे. बेथेल हे या भागातलं मोठं गाव, म्हणजे साधारण सहा हजार वस्तीचं. तिथून नदीने खाली 24 किलोमीटरवर नापाकिअक. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, एरवी छोटं विमान आणि हिवाळ्यात खुद्द नदी! पाणी जाड गोठलं की बर्फावरचं हिम बाजूला सारून रस्ता आखतात आणि त्यावरून चक्क ट्रक धावतात. अडचण होते ती मधल्या दिवसांत. शरद ऋतूत बर्फ पुरतं धरलेलं नसतं, वसंतात ते फुटत असतं. तेव्हा होडीही नाही आणि गाडीही नाही.

या मुलखात शिरगणतीसुद्धा ऋतू बघून करावी लागते. 2020 ची देशव्यापी जनगणना सुरू झाली ती टोकसूक बे या अशाच एका युपिक गावातून, ऐन जानेवारीत. जमीन गोठलेली असली की गणकांना पोहोचणं सोपं जातं आणि माणसंही घरी सापडतात. पुढे ती शिकारीला, मासेमारीला पांगतात. इथे जगणं नदीवरच चालतं. सामन मासा पकडायचा, चिरून वाळवायचा, धुरी द्यायची आणि वर्षभर पुरवायचा. अलीकडे मोठा ‘किंग’ सामन इतका घटला आहे की मासेमारीवर कडक निर्बंध आहेत. ज्यांचं पोटच या माशावर आहे त्यांनाही ते पाळावे लागतात.

हीच नदी गाव गिळते आहे. काठाची माती गाळाची. तिला घट्ट धरून ठेवणारा गोठलेला थर आता वितळू लागला आहे. त्यात शरदातली वादळं समुद्राचं पाणी नदीत उलटं रेटतात. मग काठ एकेका वादळात काही मीटर ढासळतो. दगडी बांध घाला, असं आपल्याला सहज सुचेल. पण या गाळाच्या मुलखात दगडच नाही. साधी खडीसुद्धा बार्जने आणावी लागते.

म्हणून गावाने माघार घ्यायचं ठरवलं आहे, तीही आखून. संपूर्ण गाव दूर कुठे नेण्यापेक्षा नदीपासून थोडं आत सरकायचं. घरं उचलून मागे न्यायची, इंधनाच्या टाक्या हलवायच्या. जुन्या दफनभूमीतले अवशेष काढून एकत्र पुरावे लागले. तिथे आता एक पांढरा क्रूस आहे. शाळेची इमारत नदीच्या इतकी जवळ आली की ती पाडणं भाग पडलं. नव्या शाळेसाठी काठापासून लांबची जागा निवडली.