आळ्यातला तिसरा वेल

लाल भोपळ्याचं बी कुणी एकटं लावत नाही. एका आळ्यात तीन-चार टाकायची रीत आहे, कारण एखादं कुजतं, एखादं उंदीर नेतो. सगळीच उगवली की पंचाईत. रोपं दोन-चार पानांवर असतानाच जोमदार दोन ठेवून बाकीची काढावीत, हे जाणते शेतकरी सांगतात. पण परसात लावणारे आपण हौशी लोक; उगवलेलं काढायला हात धजत नाही. पावसात वेल वावभर पसरले की मग प्रश्न थोरला होतो.

आमच्या परसात यंदा एका आळ्यात तीन वेल झाले. त्यांतला एक सौ.च्या अक्कांनी दिलेल्या बियांचा. अक्का गेल्या वर्षी गेल्या. आता त्यांचा वेल कुठला, हे ओळखायचं कसं? ‘अहो, राहू द्या की तिन्ही,’ या म्हणण्यातलं दुःख मला कळत होतं.

राहू दिले तर पानं भरपूर होतात. येणारा-जाणारा ‘काय माजलाय हो वेल!’ म्हणून कौतुक करतो. पण पानं कुणी मोजत नाही, भोपळे मोजतात. एका आळ्यातलं शेणखत तिघांत वाटलं जातं. दाटीत हवा खेळत नाही, पानांवर पांढरी भुरी धरते. भोपळ्याला आधी नरफुलं येतात, मादीफुलं मागून. मादीफूल ओळखायला सोपं, त्याच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. ते पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशीला ते सापडायला हवं, नाहीतर तो इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो. एकाच तारणावर तिघांना कर्ज देऊ नये, हे बँकेत शिकलो. आळ्याचा हिशेब फारसा निराळा नाही.

मग शेंड्यापासून बुडापर्यंत एकेका वेलावरून हात फिरवत गेलो. दोघांवर मादीफुलं होती, तिसऱ्यावर नुसती नरफुलं. काढायचा तो हाच. उपटायचा मात्र नाही. मुळं गुंतलेली असतात, एक ओढला की शेजारचाही हलतो. कात्रीनं जमिनीलगत कापायचा. दुसरीकडे लावू म्हणणं भाबडेपणाचं, एवढा वाढलेला वेल मुळं हलवलेली सोसत नाही.

सौ.ला एवढंच सांगितलं की, या वेलाचा पराग एव्हाना शेजारच्या फुलांत कुठे कुठे गेला असेल, ते मधमाश्यांनाच ठाऊक. धरलेल्या फळांच्या बियांत तोही असू शकेल. ती काही बोलली नाही. नरफुलं खुडून घेतली आणि संध्याकाळी डाळीच्या पिठात बुडवून त्यांची भजी केली.

चौथ्या दिवशी कापलेला वेल बुडाकडे वाळला होता, पण कुंपणाकडचा शेंडा हिरवागार. पेऱ्यांना मुळं फुटून ती मातीत उतरली होती.

‘हा आता आळ्याबाहेर आहे,’ सौ. म्हणाली.

मी कात्री कोनाड्यात ठेवून दिली.