जुन्या मोटारगाडीतील प्राणिपात्रे

जुन्या मोटारगाडीतील प्राणिपात्रे हा बालचित्रे, व्यंगचित्रे आणि डिजिटल चित्रकलेतील एक लोकप्रिय चित्रविषय आहे. यात मानवी पोशाखातील किंवा मानवी हावभाव असलेले प्राणी जुन्या बांधणीची मोटारगाडी चालवताना अथवा तीतून प्रवास करताना दाखवले जातात. पाळणाघरांच्या भिंती, वाढदिवसाच्या निमंत्रणपत्रिका, बालपुस्तकांची मुखपृष्ठे आणि शालेय वस्तूंवर ही चित्रे आढळतात. गाडी जुनी असणे हे केवळ गतकाळाच्या ओढीचे लक्षण नसून चित्ररचनेची गरजही आहे.

पार्श्वभूमी

बोलणाऱ्या प्राण्यांची भारतीय परंपरा प्राचीन आहे. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हे राजाच्या मंत्र्यांप्रमाणे मसलत करतात. मात्र त्यांचे शरीर कोल्ह्याचेच राहते. यंत्र चालवणाऱ्या प्राण्याला एवढे पुरत नाही. त्याला ताठ बसता यावे लागते आणि पंजाने चाक धरता यावे लागते. त्यामुळे या चित्रविषयात प्राण्याचे शरीरही काही अंशी मानवी होते.

मोटार चालवणारा सर्वांत प्रसिद्ध प्राणी म्हणजे केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) या कादंबरीतील मिस्टर टोड हा बेडूक होय. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटारही त्याच वर्षी बाजारात आली. म्हणजे आज जुनी वाटणारी गाडी टोडच्या काळात अगदी नवी होती आणि त्याचे मोटारवेड ही नव्या यंत्राच्या हौसेवरील टीका होती. १९३१ मध्ये झाँ द ब्रुनॉफ यांच्या फ्रेंच चित्रपुस्तकात बाबर हा हत्ती हिरवा सूट घालून शहरात मोटार चालवताना दिसतो. डिस्नेने १९४९ मध्ये टोडची कथा पडद्यावर आणली. रिचर्ड स्कॅरी यांच्या १९७४ मधील पुस्तकात तर संपूर्ण प्राणिजगतच वाहनांतून फिरते.

मराठीत १९५० च्या दशकापासून शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित रंगीत हास्यचित्रांनी नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर स्थान मिळवले. बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून प्रसिद्ध होते. मुलांसाठीच्या सचित्र मजकुराची परंपरा त्याने राज्यभर पोहोचवली. संगणकावर घडवलेल्या प्राणिपात्रांचे महाराष्ट्रातील एक उदाहरण म्हणजे पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने तयार केलेला ‘दिल्ली सफारी’ (२०१२) हा त्रिमितीय चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जुनी गाडीच का

आधुनिक बंद गाडीत चालक काचेआड जातो आणि चित्रातील मुख्य पात्रच झाकले जाते. उघड्या टपाच्या जुन्या गाडीत प्राणी कमरेपासून वर पूर्ण दिसतो. आसने उंच असल्याने मागे बसलेली पात्रेही नजरेत येतात. जिराफाची मान, हत्तीचे कान किंवा कोल्ह्याचे शेपूट यांना मोकळी जागा मिळते.

दुसरे कारण आकाराचे आहे. जुन्या गाडीचे मडगार्ड, बॉनेट, फुटबोर्ड, गोल हेडलाइट आणि आऱ्यांची चाके हे भाग सुटे व ठळक असतात. दोन दिवे डोळ्यांसारखे व पुढील जाळी तोंडासारखी भासते. म्हणून गाडीलाही चेहरा प्राप्त होतो. मात्र गाडीच पात्र असेल, तर निवड वेगळी होऊ शकते. डिस्नेच्या ‘सूझी द लिटल ब्लू कूप’ (१९५२) या लघुपटात आणि पिक्सारच्या ‘कार्स’ (२००६) या चित्रपटात डोळे दिव्यांऐवजी पुढील काचेवर आहेत. काचेवर डोळे असले की आत चालक बसवता येत नाही. त्यामुळे प्राणी चालक असलेल्या चित्रांत ही पद्धत गैरसोयीची ठरते.

काटेकोर अर्थाने ‘व्हिंटेज’ ही संज्ञा साधारणतः १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांसाठी वापरतात. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना हा दर्जा मिळतो. चित्रकलेत मात्र हा शब्द सैलपणे वापरला जातो. भारतीय चित्रांत ॲम्बेसेडर किंवा मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही ‘जुनी गाडी’ म्हणून येते. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. या गाड्या बंद टपाच्या असल्याने प्राणी खिडकीतून डोकावताना किंवा टपावरील कॅरिअरवर बसलेले दाखवून अडचण सोडवली जाते.

निर्मितीचे तंत्र

ही चित्रे प्रामुख्याने दोन प्रकारे काढली जातात. व्हेक्टर पद्धतीत रेषा गणिती सूत्रांनी साठवल्या जातात, त्यामुळे चित्र कितीही मोठे केले तरी कडा फुटत नाहीत. ॲडोब इलस्ट्रेटर आणि मुक्त स्रोत इंकस्केप ही त्यासाठीची साधने आहेत. रास्टर पद्धतीत चित्र ठिपक्यांचे बनते व जलरंगासारखा पोत आणता येतो. फोटोशॉप किंवा क्रिटा यांत असे काम होते. रास्टर चित्राचा आकार आधीच ठरवावा लागतो. उदाहरणार्थ, ए-३ आकाराच्या छपाईसाठी प्रति इंच ३०० ठिपक्यांनी सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात.

गाडीचा मागील भाग, प्राणी, दरवाजा आणि चाके वेगवेगळ्या स्तरांवर काढतात. प्राण्याचा स्तर आसन व दरवाजा यांच्या मधे ठेवल्याने तो गाडीत बसल्याचा भास होतो. उंदीर आणि हत्ती यांचे खरे प्रमाण एका गाडीत पाळणे शक्य नसते. म्हणून गाडी व स्टिअरिंग चालकाच्या मापाने काढून इतर पात्रे त्यानुसार लहानमोठी केली जातात.

स्वामित्व हक्क

भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार कलाकृतीचे संरक्षण कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे असते. जुने पात्र मुक्त झाले तरी त्याचे प्रत्येक चित्र मुक्त होत नाही. ग्रॅहम यांचे निधन १९३२ मध्ये झाल्याने कादंबरीतील टोड भारतात सर्वांना वापरता येतो. परंतु याच कादंबरीसाठी ई. एच. शेपर्ड यांनी काढलेली चित्रे संरक्षित आहेत. शेपर्ड १९७६ मध्ये निवर्तले, त्यामुळे ही मुदत २०३६ अखेर संपते. टोडचे नवे चित्र काढताना शेपर्ड यांच्या रेखाटनांची नक्कल टाळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

गाडीबाबत नियम वेगळे आहेत. डिझाइन कायदा, २००० अन्वये नोंदणीकृत रचनेचे संरक्षण कमाल १५ वर्षांचे असते. त्यामुळे शतकापूर्वीच्या गाडीचा आकार रेखाटण्यास या कायद्याची आडकाठी राहत नाही. उत्पादकाचे बोधचिन्ह व नाव मात्र नोंदणीचे नूतनीकरण होत राहिल्यास व्यापारचिन्ह म्हणून अनिश्चित काळ संरक्षित राहू शकते. या कारणाने विक्रीसाठीच्या चित्रांत जाळीवरील चिन्ह कोरे ठेवणे किंवा काल्पनिक चिन्ह काढणे सुरक्षित मानले जाते.